मध्यमवय : काही शब्द आणि त्यांचे अर्थ

‘वय झाले’ हा मराठीतील एक चमत्कारिक शब्दप्रयोग आहे. वय तर पाळण्यातल्या बालकालाही असते. मग ‘झाले’ ते काय? तरीही पंचेचाळीस वर्षांचा धडधाकट गृहस्थ जेव्हा ‘आता आपलं वय झालं, तरुणांनी पुढे यावं’ असे म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ सर्वांना बरोबर कळतो. तो वाचनालयाच्या, अभ्यासवर्गाच्या, वर्गणीच्या कामातून हळूच अंग काढून घेत असतो. दुसऱ्या बाजूला आपले विद्यार्थी चाळिशीतल्या माणसाकडे पाहून ‘यांना आजचे काय कळणार?’ असे मनात म्हणतात. या दोन समजुतींच्या मधोमध जे वय हरवून जाते, ते मध्यमवय होय.

या वयाला आपण कोणकोणत्या नावांनी हाक मारतो, त्या नावांचे मूळ अर्थ काय आहेत आणि आपल्या परंपरेने या वयाकडे कसे पाहिले आहे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आम्ही भाषेचे पंडित नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर बसणारे आणि स्वतःही याच वयातून चाललेले आहोत. परंतु शब्द हे नाण्यासारखे असतात. रोज हाताळतो म्हणून त्यांच्यावरचा छाप आपण पाहत नाही. तो एकदा उजेडात धरून पाहावा, एवढाच हेतू आहे.

मध्यमवय नेमके कोणते?

बँकेच्या कागदपत्रांत वयाच्या दोनच पायऱ्यांना नाव आहे. अठरा वर्षांखालील खातेदार ‘अज्ञान’ आणि साठ वर्षांपुढील खातेदार ‘ज्येष्ठ नागरिक’. अठरा पूर्ण होताच कायद्याने माणूस ‘सज्ञान’ होतो, आणि साठाव्या वर्षी ठेवीवर थोडे जास्त व्याज मिळू लागते. या दोहोंमधील बेचाळीस वर्षांना स्वतंत्र नाव नाही. त्यांचा मध्य काढला तर तो ३९ वर येतो. म्हणजे कागदोपत्री हिशेबानेही चाळिशी हाच मधला टप्पा ठरतो. सर्वसाधारणपणे चाळीस ते साठ या वयाला आज मध्यमवय म्हणतात. काहीजण ते पस्तिशीपासून धरतात. ही रेघ काही दगडावरची नव्हे.

ही रेघ काळानुसार सरकतही आली आहे. १९५१ च्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. २०१६-२० या काळासाठी ते ७० वर्षे इतके नोंदले गेले. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सरासरी ३२ याचा अर्थ सर्व माणसे बत्तिशीत मरत होती असा नाही. बालमृत्यू फार होत, त्यामुळे सरासरी खाली येई. जे जगले ते साठी-सत्तरीही पाहत. पण अंगमेहनत, अर्धपोटी राहणे आणि औषधपाण्याचा अभाव यांमुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील माणूस चाळिशीतच थकलेला दिसे. शेतावर राबणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या माणसाने चाळिसाव्या वर्षी ‘वय झाले’ म्हणावे, हे त्याच्या देहाला धरून होते. आज आपण तेच वाक्य पंख्याखाली बसून उच्चारतो. परिस्थिती बदलली, वाक्य मात्र वारशाने चालत आले.

बोलीतील शब्द

मराठीने वयाच्या काही टप्प्यांना मोठी चपखल नावे दिली आहेत. पंचविशीच्या आतील उधळलेपणाला ‘गद्धेपंचविशी’ म्हणतात. साठीविषयी ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आहे. किशोरवयाला ‘अडनिडे वय’ म्हणतात, कारण त्या वयाचे पोर धड मुलात नाही आणि धड मोठ्यांत नाही. मध्यमवयसुद्धा एक प्रकारे अडनिडेच असते. तरुण आपल्यात घेत नाहीत आणि म्हाताऱ्यांत बसवत नाही!

‘चाळिशी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक चाळीस वर्षांचे वय आणि दुसरा चष्मा. बोलीत त्याला ‘चाळशी’ही म्हणतात. ‘त्याला चाळिशी लागली’ म्हणजे वाचण्यासाठी चष्मा लागला. शरीरातील एका बदलावरून वस्तूला वयाचेच नाव मिळाल्याचे हे सुंदर उदाहरण आहे. डोळ्यातील भिंग तरुणपणी लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगीर होते आणि अक्षर स्पष्ट दिसते. चाळिशीच्या सुमारास त्याची लवचीकता कमी होते, म्हणून वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते. हा रोग नव्हे, सर्वांच्याच डोळ्यांत होणारा बदल आहे. यातली गंमत अशी की, दूरचे पूर्वीइतकेच दिसते, अडते ते फक्त जवळचे.

‘प्रौढ’ हा संस्कृत शब्द. प्र आणि ऊढ असे त्याचे घटक आहेत. ऊढ हे ‘वह्’ म्हणजे वाहणे या धातूचे रूप. विवाह आणि वाहन हे शब्दही त्याच धातूचे. पुढे वाहत आलेला, पूर्ण वाढ झालेला तो प्रौढ. मात्र सरकारी भाषेत या शब्दाचे वय बरेच खाली आले आहे. प्रौढ मताधिकाराचे वय पूर्वी २१ होते, ते १९८९ पासून १८ झाले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात तर १५ ते ३५ वयाची माणसे ‘प्रौढ’ होती. म्हणजे पंधराव्या वर्षी निरक्षर असलेला मुलगा प्रौढ ठरला. ज्याला लहानपण मिळाले नाही त्याला प्रौढपण लवकर मिळते, हे कटू सत्य या सरकारी शब्दात नकळत नोंदले गेले आहे.

‘पोक्त’ हा शब्द फारसीतून आला. ‘पुख्ता’ म्हणजे शिजलेला, पिकलेला. पोक्त माणूस म्हणजे पिकून तयार झालेला. कच्चे फळ आंबट लागते, पिकलेले गोड लागते आणि फार पिकले की नासते. पोक्त या शब्दात मधली अवस्था आहे. म्हणूनच लग्न जुळवताना किंवा भांडण मिटवताना ‘चार पोक्त माणसे बोलवा’ असे म्हणतात. ‘चार वयस्कर माणसे बोलवा’ असे कोणी म्हणत नाही.

‘कर्ता’ हा शब्द वयाचा नाही, जबाबदारीचा आहे. घरचा कर्ता, कर्तासवरता, कर्ती बाई. आपल्या समाजात हा शब्द पुष्कळदा वयाच्या आधी येतो. वडील गेले की अठरा-वीस वर्षांचा मुलगा कर्ता होतो. मध्यमवयात तर कर्तेपणाला दोन्ही बाजूंनी ओढ लागते. एकीकडे मुलांच्या शिक्षणाचा खर्च, दुसरीकडे आईवडिलांचे दुखणे, आणि मध्ये घराच्या कर्जाचा हप्ता.

याउलट ‘उतारवय’ हा शब्द पाहा. त्यात आयुष्य म्हणजे एक टेकडी आहे असे गृहीत धरले आहे. तरुणपणी चढ, मग माथा, मग उतार. ही उपमा इतकी अंगवळणी पडली आहे की, माथ्यावर उभे राहून चहूकडे नजर टाकता येते ही गोष्टच आपण विसरतो.

स्त्रियांचे मध्यमवय

पुरुषाचे वय वर्षांत मोजले जाते, स्त्रीचे नात्यांत. सून, लेकुरवाळी, सासू, आजी. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले, आणि ते १८ करणारा बदल १९७८ मध्ये झाला. चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न झालेली बाई पस्तिशीत आजी होऊ शके, आणि एकदा आजी म्हटले की तिचे मध्यमवय उडूनच जाई. ती तरुण सुनेवरून थेट म्हाताऱ्या सासूवर जाऊन पोहोचे.

पंचेचाळीस ते पन्नासच्या आसपास बहुतेक स्त्रियांची पाळी जाते. याला रजोनिवृत्ती म्हणतात. या काळात अंगातून वाफा येणे, झोप न लागणे, चिडचिड होणे, सांधे दुखणे असे त्रास होऊ शकतात. घरातील माणसे ‘हिचा स्वभावच बदलला’ म्हणून मोकळी होतात. वस्तुतः तो स्वभावाचा दोष नसून शरीरातील संप्रेरकांचा बदल असतो, आणि डॉक्टरांकडे त्यावर उपाय असतात. ‘निवृत्ती’ हा शब्द येथे केवळ पाळीपुरता आहे. तो त्या स्त्रीच्या उमेदीला लावण्याचे काहीच कारण नाही.

बाहेरचे शब्द

अलीकडे वर्तमानपत्रांत ‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्द वारंवार येतो. मराठीत त्याला मध्यमवयातील पेच म्हणता येईल. हा शब्द फार जुना नाही. एलियट जॅक्स या कॅनडात जन्मलेल्या मनोविश्लेषकाने १९६५ साली लिहिलेल्या एका निबंधामुळे तो रूढ झाला. कलावंतांची चरित्रे तपासून त्याने असे मांडले की, आयुष्याच्या मध्यावर माणसाला स्वतःच्या मृत्यूची प्रथमच खरी जाणीव होते आणि त्यातून पेच निर्माण होतो. मात्र पुढील अभ्यासांतून असे दिसले की, हा पेच सर्वांनाच पडतो असे नाही. अनेकांच्या बाबतीत त्यामागे केवळ वय नसते, तर नोकरी जाणे, आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू अशी ठोस कारणे असतात.

त्याच्याही आधी, १९५० साली, एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने मध्यमवयाविषयी अधिक उपयोगी विचार मांडला होता. त्याच्या मते या वयात माणसापुढे दोन वाटा असतात. एक, पुढच्या पिढीची काळजी वाहून तिला घडवण्याची. दुसरी, स्वतःतच गुरफटून साचून राहण्याची. वाहते पाणी आणि डबके यांतील हा फरक होय.

बुद्धीचे म्हणाल तर, अमेरिकेतील सिएटल येथे १९५६ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात त्याच माणसांची दर सात वर्षांनी चाचणी घेण्यात आली. त्यातून असे दिसले की, झटपट आकडे किंवा चिन्हे ओळखण्याचा वेग तरुणपणानंतर कमी होतो. परंतु शब्दांची समज आणि तर्काने निष्कर्ष काढण्याची शक्ती मध्यमवयात आपल्या उंचीवर असते.

पाली ग्रंथांतील विचार

हाच विचार आपल्या परंपरेत दीड हजार वर्षांपूर्वी आला आहे. पालीमध्ये ‘वय’ असे दोन शब्द आहेत. एक संस्कृत वयस्, म्हणजे आयुष्याची अवस्था. दुसरा संस्कृत व्यय, म्हणजे खर्च होणे, नष्ट होणे. उच्चार जवळजवळ सारखाच. सर्व घडलेल्या गोष्टी व्यय पावणाऱ्या आहेत, म्हणून सावध राहून आपले काम पूर्ण करा, असे तथागतांनी आपल्या अखेरच्या उपदेशात सांगितले. तेथे हा दुसरा शब्द आहे. जमाखर्चात आयुष्य घालवणाऱ्या आम्हा बँकवाल्यांना यातील मर्म लवकर कळते. वय ही खर्च झालेली रक्कम होय. खर्च टळत नाही. तो कोणत्या खात्यावर पडला, एवढेच आपल्या हाती असते.

आचार्य बुद्धघोष यांनी पाचव्या शतकात श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. गोव्यात जन्मलेले थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांनी त्याचे संपादन केले, आणि १९४० साली त्याची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. या ग्रंथात शंभर वर्षांच्या आयुष्याचे आधी तीन भाग केले आहेत. पठमवय ३३ वर्षे, मज्झिमवय ३४ वर्षे आणि पच्छिमवय ३३ वर्षे. त्यानंतर दहा-दहा वर्षांची दहा दशके सांगितली आहेत. पहिले मन्ददसक, म्हणजे कोवळ्या, अस्थिर बालकाचे. दुसरे खिड्डादसक, खेळाचे. तिसरे वण्णदसक, रूपाचे. चौथे बलदसक, शक्तीचे. पाचवे पञ्ञादसक, प्रज्ञेचे. सहावे हानिदसक, ऱ्हासाचे. सातवे पब्भारदसक, शरीर पुढे झुकू लागण्याचे. पुढील तीन दशके पाठीचा बाक, विस्मृती आणि अंथरूण यांची.

चाळीस ते पन्नास हे दशक येथे प्रज्ञेचे म्हटले आहे. कायद्याने माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो, पण बुद्धघोषांच्या हिशेबाने त्याला खरी समज यायला आणखी बावीस वर्षे लागतात! जन्मतः बेताच्या बुद्धीच्या माणसालाही या दशकात थोडीफार समज येते, असेही ग्रंथकाराने मिस्कीलपणे नमूद केले आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे काही भविष्य नव्हे. साधकाने शरीराच्या अनित्यतेचे चिंतन करावे, एका दशकातील रूप पुढच्या दशकापर्यंत टिकत नाही हे पाहावे, म्हणून ही विभागणी केलेली आहे. बळ गेले तसे प्रज्ञेचे दशकही जाणारच, हा त्यातील इशारा आहे.

ब्राह्मणी आश्रमव्यवस्थेपेक्षा हा विचार वेगळा आहे. त्या व्यवस्थेत गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ म्हणून वनाकडे जाण्याचा टप्पा होता, आणि त्या चौकटीत शूद्र व स्त्रिया यांना स्थान नव्हते. दशकांची विभागणी मात्र मनुष्यमात्राची आहे. तिच्यात जात नाही, आणि वनात निघून जाण्याची आज्ञाही नाही.

नाशिकचे उदाहरण

आता ग्रंथातून आपल्या गावात येऊ. परमपूज्य बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. महाडचा सत्याग्रह १९२७ चा आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. तेव्हा त्यांचे वय ३८ होते. हे त्यांचे चौथे दशक. हजारो स्त्री-पुरुष मंदिराच्या दाराशी जाऊन उभे राहिले, लाठ्या-दगड सोसले, तुरुंगात गेले. बलदसक म्हणतात ते हेच.

सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, पण दार उघडले नाही. येत्या रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करावा काय, असे भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले कर्मवीर दादासाहेब, यांनी बाबासाहेबांना विचारले. दादासाहेब तेव्हा ३१ वर्षांचे होते. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी त्यांना पत्राने उत्तर दिले. त्याचा आशय असा होता की, मूर्तिपूजक व्हावे म्हणून ही चळवळ सुरू केलेली नव्हती. लोकांत चेतना यावी, आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून ती होती. ते काम झाले आहे. आता शक्ती राजकारण आणि शिक्षण यांवर केंद्रित करावी. हे लिहिताना बाबासाहेब ४२ वर्षांचे होते.

विद्यार्थीमित्रांनी या पत्राकडे बारकाईने पाहावे. जो लढा आपणच उभा केला, ज्यासाठी लोकांनी डोकी फोडून घेतली, त्याचा हेतू साध्य झाला आहे असे ओळखून तो थांबवायला सांगणे, हे बळाचे काम नाही. ते प्रज्ञेचे काम आहे. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे धर्मांतराची घोषणा झाली. तेव्हा त्यांचे वय ४४ होते. त्याच वर्षी २७ मे रोजी माता रमाई गेल्या होत्या. म्हणजे घरातील दुःख होते, प्रकृतीच्या तक्रारी होत्या. मध्यमवयातील माणसाला जे जे ओढते ते सर्व त्यांनाही ओढत होते. त्याच दशकात १९३२ चा पुणे करार, १९३६ मधील जातिसंस्थेच्या उच्छेदावरील ग्रंथ आणि स्वतंत्र मजूर पक्ष, आणि नोव्हेंबर १९३८ मधील मुंबईच्या कामगारांचा संप येतो. महात्मा जोतीराव फुले यांनीही सत्यशोधक समाज स्थापन केला तो २४ सप्टेंबर १८७३ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी.

पण दशकांचा हिशेब बेडीसारखा वापरू नये. दादासाहेब गायकवाड लोकसभेवर निवडून गेले ते १९५७ साली, ५४ व्या वर्षी. म्हणजे तथाकथित हानिदसकात. भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह डिसेंबर १९६४ मध्ये सुरू झाला, तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. स्वतः बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती ६५ व्या वर्षी. पन्नाशीनंतर सारे संपते असे आपल्या इतिहासात कोठेही दिसत नाही.

तात्पर्य

२०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. १५ वर्षे सेवा किंवा ४० वर्षे वय पूर्ण झालेल्यास तिचा लाभ घेता येत होता. सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. नोकरीतून अशी निवृत्ती घेता येते, पण समाजाच्या कामातून चाळिशीत स्वेच्छानिवृत्ती घेण्याची योजना कोणीही जाहीर केलेली नाही. आपणच ती ‘वय झाले’ म्हणून आपल्यापुरती लागू करून घेतो.

आमचे सभासदांना इतकेच सांगणे आहे की, तिशीनंतर रक्तदाब व साखर तपासून घ्या, चष्मा लावायला लाजू नका, व्यसन असेल तर सोडा, म्हणजे मज्झिमवय धड पार पडेल. आणि आठवड्यातील दोन तास पुढच्या पिढीच्या खात्यावर जमा करा. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, शैक्षणिक कर्जाला कोणती कागदपत्रे लागतात, मुलाखतीला काय विचारतात, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात नोकरी करणारे आपणच पहिले. आपल्याला ते सांगणारे कोणी नव्हते.

विद्यार्थ्यांना सांगणे असे की, तुमच्या हाती वेग आहे आणि मागच्या फळीकडे समज आहे. एकतीस वर्षांच्या दादासाहेबांनी पत्र पाठवून विचारले म्हणून बेचाळीस वर्षांच्या बाबासाहेबांचे ते उत्तर आज आपल्यापुढे आहे. विचारणारा नसता तर सांगणाऱ्याचे मनातच राहिले असते. तेव्हा विचारीत जा.

जयभीम!